उजव्या चाकाचं दुखणं

गावातल्या गाड्यांची उजवी चाकं दुखणाईत झाली, ती विहिरी आटल्या त्या वर्षी. डावी चाकं पण बिघडत, नाही असं नाही, पण उजव्यांचं बघून. आपणहून पहिल्यांदा बिघडलंय असं डावं चाक त्या साली कुणाच्या ऐकण्यात नव्हतं.

पिण्याचं पाणी बारा किलोमीटरवरच्या जुन्या दगडखाणीतून आणावं लागे. ज्याच्या दारात गाडी, त्याने मागची सीट काढून अंगणात टाकली आणि तिच्या जागी ड्रम उभे केले. सीटवर म्हातारी माणसं सावली धरून बसू लागली आणि गाडीतून पाणी प्रवास करू लागलं. पाण्याला वजन असतं हे गाव विसरून गेलं होतं. चाकांनी आठवण करून दिली. चाक ज्याच्यावर फिरतं ते बेअरिंग झिजलं, की गाडी गुणगुणायला लागते. आधी बाटलीत एक माशी अडकल्यासारखी, मग माशीचं अख्खं खानदान अडकल्यासारखी.

गुणगुण सुरू झाली की माणूस गाडी घेऊन मिस्त्रीकडे येई. पंचक्रोशीत मिस्त्रीला 'कान' म्हणत. "कानाकडे जाऊन ये," "कान जेवायला बसलाय, थांब जरा," असं लोक सरळ तोंडाने बोलत. त्याची पद्धत ठरलेली. गाडी माळावर एक फेरी मारून आणायची, शेडसमोर उपड्या डब्यावर बसायचं, डोळे मिटायचे आणि आवाज कानात मुरू द्यायचा. मग एक बोट वर करून सांगायचं, "पुढचं उजवं." गाडी जॅकवर घ्यायची, चाक वर-खाली हलवून बघायचं, वळणावर आवाज कुठे वाढतो ते पारखायचं, हे सगळं त्याच्या मते नवशिक्यांचं काम. बाकावरची गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघून मान डोलवत.

उजवं बदलूनही गुणगुण राहिली, तर त्याचं उत्तर तयार असे. "बेअरिंगं भावंडांसारखी असतात. एकाला नवं मिळालं की दुसरं रुसतं. आता डावं बदलू." डावं बदललं की गाडी मुकाट होई. लोक म्हणत, "काय कान आहे! रुसवासुद्धा ऐकू येतो."

शाळेतल्या मास्तरांना मात्र यात रस्त्याचा दोष दिसला. मास्तरांना कशातही अर्ज दिसे. त्यांनी लिहिलं, की खाणीचा रस्ता उजवीकडे कललेला असून समस्त वाहनांचा भार एकाच अंगावर येत आहे. अर्जाखाली साठ सह्या झाल्या. एक साहेब फीत आणि पाणसळ घेऊन आले, दिवसभर रस्त्यावर वाकून राहिले आणि रस्ता दोन बोटं कललेला आहे असं लिहून गेले. डावीकडे. पंधरा दिवसांनी सरकारी ट्रक येऊन डाव्या अंगाला भर टाकून गेला. पुढच्या आठवड्यात आणखी चार उजवी चाकं आली.

खरा प्रकार काय तो फक्त मिस्त्रिणीला माहीत होता.

विहिरी आटल्या त्याच सुमाराला ट्रॅक्टरच्या ट्यूबमध्ये हवा भरताना ट्यूब फुटली, ती मिस्त्रीच्या डाव्या कानाशी. तीन दिवस तो म्हणत होता, कानात शिट्टी वाजते. चौथ्या दिवशी म्हणाला, शिट्टी थांबली. शिट्टीबरोबर बाकीचंही थांबलं होतं, ते तो बोलला नाही. तिला कळलं ते जेवताना. ती त्याच्या डाव्या हाताला बसली होती आणि घागर भरायला तीन तास रांगेत उभं राहून तिच्या पोटऱ्यांना गोळे आले होते. भाजी अळणी म्हणून त्याने ताट सरकवलं तेव्हा ती खाली बघत, रोजच्या आवाजात म्हणाली, "आग लागो तुमच्या जिभेला."

तो म्हणाला, "मीठ आण."

तिने मीठ आणलं. बसताना पुन्हा म्हणून बघितलं. त्याने मीठ कालवलं आणि मुकाट्याने जेवला.

त्या दिवसापासून डावा कान तिने माळ्यासारखा वापरायला काढला. घरात नको असलेलं सगळं तिथं टाकायचं. तिचं अंग हलकं राहू लागलं, हे खरं. पण एकाच कानाने ऐकणाऱ्या माणसाला आवाज कुठून येतो ते कळत नाही, जो येतो तो चांगल्या कानाच्या बाजूनेच आल्यासारखा वाटतो, हे तिच्या ध्यानात यायला उन्हाळा उजाडला. दारात हाक आली की मिस्त्री उजवीकडच्या भिंतीकडे बघे. मागच्या अंगणात भांडं पडलं तरी उजवीकडच्या भिंतीकडेच. भिंतीला बिचारीला रोज दहा वेळा हाक पडे. मग एक दिवस तिने शेडमधला मेलेल्या बेअरिंगांचा डबा उपसला. एकेक घेऊन रोलरांवरून बोट फिरवलं. निम्म्याहून जास्त बेअरिंगं लोण्यासारखी फिरत होती.

तिने डबा होता तसा भरून ठेवला. शेड चालत होती ती कानावर. कान नाही म्हटल्यावर उरणार काय, दोन जॅक आणि चार पाने.

वैशाखाच्या तापात तिचा धाकटा भाऊ आला. तोही पाणी वाहायचा. त्याची गाडी लांबलचक, जुनी, तिच्यात चार ड्रम मावत. खालच्या आळीतली चाळीस घरं त्याच्या ड्रमांवर होती आणि त्याला लाडाने 'नळ' म्हणत. तो उतरला तेव्हा गाडीची गुणगुण थांबली, पण मिस्त्रिणीच्या पायाच्या तळव्यांत काही वेळ राहिली.

"दाजी, ही रडतेय चार दिवस," नळ म्हणाला. "साठच्या पुढे गेलं की तर कीर्तनच."

"साठच्या पुढे जातोस कशाला? पाणी काय पळून चाललंय?"

"पाणी नाही, माणसं पळतात ना पाण्यावर. उशीर झाला की मलाच ड्रममध्ये बुडवतील."

"ड्रम रिकामा असतो रे तेव्हा," बाकावरून मास्तर म्हणाले. सगळे हसले.

मिस्त्री माळावर फेरी मारून आला. डब्यावर बसला. डोळे मिटले. घामाचा एक थेंब उजव्या कानामागून निघाला आणि शर्टाच्या कॉलरपर्यंत गेला. मग बोट वर झालं.

"पुढचं उजवं."

गाडी जॅकवर चढली. काम दोघं मिळूनच करत. त्याने चाक उतरवलं, ब्रेकचा जबडा सोडवून तारेने वर टांगला. तिने चाकाच्या मधल्या हबची टोपी छिन्नीने हळूच उचकटली, पिन सरळ करून ओढली, नट सोडवला. हब पुढे ओढल्याबरोबर बाहेरचं छोटं बेअरिंग तिच्या तळहातात पडलं. काळ्या ग्रीसमध्ये रोलर चकचकीत, अंगावर ओरखडा नाही. आतलं मोठंही तसंच. तिने दोन्ही रॉकेलच्या थाळीत धुतली आणि त्याच्या डोळ्यांसमोर धरली.

"बघा तरी."

"बघायचं काय? डोळ्याला फसवता येतं. कानाला नाही." त्याने पितळेची दांडी घेऊन हबमधल्या, बेअरिंग ज्यात बसतं त्या वाट्या आळीपाळीने ठोकून बाहेर काढल्या. उन्हाने पत्रा तापला होता, ठोक्यासरशी घाम उडून हबवर पडत होता. नव्या वाट्या बसवताना जुनी वाटी वर ठेवून ठोकायची, म्हणजे नवीला इजा होत नाही. हे मात्र त्याने नेहमीसारखं, जपून केलं. हात अजून हुशार होते. तिने तळहातावर ग्रीस घेऊन नवी बेअरिंगं त्यात दाबून दाबून भरली. नट घट्ट केला, चाक फिरवलं, नट किंचित सैल केला, पिन वाकवली. जुनी दोन बेअरिंगं आणि त्यांच्या वाट्या तिने ओच्यात पुसल्या आणि डब्यात टाकण्याऐवजी खिडकीत ठेवल्या.

नळ फेरी मारून आला. गाडी तशीच रडत होती. उलट आता सूर लागल्यासारखी.

इथं मिस्त्री भावंडांची गोष्ट सांगणार होता. बाकावरची माणसं ती ऐकायच्या तयारीनेच बसली होती. त्याने तोंडही उघडलं होतं. पण मिस्त्रिणीला धीर धरवला नाही. तिने डावीकडे जॅक लावला, चाक हाताने गरकन फिरवलं आणि दुसऱ्या हाताचा पंजा चाकामागच्या स्प्रिंगवर ठेवला. तिच्या वडिलांची पिठाची गिरणी होती. लहानपणी ती गिरणीच्या अंगाला हात लावून सांगे, दगडाला टाकी लावायची वेळ झाली की नाही ते. स्प्रिंगमधून तिच्या पंजात तेच आलं. वाळूतून ओढल्यासारखी खरखर, मध्येच एक आचका.

"डावं गेलंय," ती म्हणाली. "पहिल्यापासून डावंच गेलं होतं."

मिस्त्रीने तिच्याकडे बघितलं, म्हणजे आधी भिंतीकडे आणि मग तिच्याकडे.

"गिरणी आहे का ही?" तो म्हणाला. "पीठ पडतंय का खाली, बघ."

बाक हसला. हसू आलं म्हणून आणखी एक झालं. "तुझ्या बापाने हात लावून लावूनच गिरणी विकली." तिने पंजा काढून घेतला. त्यावरचं ग्रीस पुसायला फडकं शोधलं, ते त्याच्या खांद्यावर होतं; त्याने दिलं नाही. तिने पदराला हात पुसला.

"काही गेलेलं नाही," तो नळाला म्हणाला. "नवं बेअरिंग आहे, बसायला वेळ लागतो. चार दिवस चालव. आपोआप गप्प होईल."

ती नसती बोलली, तर घटकेभरात त्याने स्वतःच डावं काढलं असतं. हे तिला त्याच क्षणी कळलं. तो शब्द तिच्या तोंडून गेला आणि उष्टा झाला. आता तो त्याच्या तोंडी यायचा नव्हता.

ती नळाच्या मागे गाडीपर्यंत गेली. "थांब. डावं उघडल्याशिवाय नेऊ नको."

"ताई, खालच्या आळीत सकाळपासून घागरी मांडून ठेवल्यात."

"असू देत मांडून."

"दाजी काय म्हणतात ऐकलंस ना? मी इथं तुझं ऐकलं, तर मी गेल्यावर तुलाच ऐकावं लागेल." तो हसला. "त्यांचा कान आहे ताई. तुझा हात आहे. लोक कानाला विचारतात."

एका वाक्याचं काम होतं. 'त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही.' वाक्य तिच्या दातांपर्यंत आलं. बाकावर सहा माणसं होती, मास्तरांच्या खिशाला पेन होतं. ती म्हणाली, "सावकाश जा."

नळ तीन दिवस सावकाश गेला. चौथ्या दिवशी सकाळी, भरले चार ड्रम घेऊन खाणीच्या वळणावर गाडीचं डावं चाक जागच्या जागी धरलं. गाडी आडवी होऊन नाल्याच्या कडेला टेकली. ड्रम फुटले.

मिस्त्रीण पोचली तेव्हा वळणावर जत्रा होती. शेतातून, वस्तीवरून, रांगेतून माणसं धावत आली होती. हातात घागरी, तांब्या, पातेली, एकाच्या हातात सुपली. रस्त्याच्या खड्ड्यांत पाणी साठलं होतं आणि लोक गुडघ्यांवर बसून ते वाटीने भरत होते. डावीकडे सरकारने भर टाकलेली, म्हणून पाणी वाहून न जाता रस्त्यातच थांबलं होतं. मास्तर म्हणत होते, "बघा, अर्ज वाया जात नाही." खड्ड्यांवरून दोन बायकांची भांडणं लागली होती. नळ एकटा दगडावर बसला होता. उजवं मनगट डाव्या हातात धरून तो सारखा म्हणत होता, "गढूळ नका भरू, गाळून घ्या. गाळून घ्या."

"हात बघू," ती म्हणाली.

मनगट जिथं वाकायला नको तिथं वाकलं होतं.

गाडी ओढून शेडपुढे आणली तेव्हा खालची आळी तिच्यामागोमाग आली. नळाच्या हाताला बांबूच्या खपच्या बांधून झाल्या होत्या. चाळीस घरं रिकाम्या घागरी घेऊन उभी. कुणीतरी विचारलं, "मिस्त्री, तुमच्याकडूनच गेली होती ना गाडी?"

मिस्त्री डब्यावर बसला होता. डोळे उघडे होते, पण ठेवायला जागा नसल्यासारखे.

"मी सांगितलं होतं," तो म्हणाला. "डावं बघ म्हणून. हिने ऐकलं नाही."

मिस्त्रीण हातात पाना घेऊन उभी होती. तिने बाकाकडे बघितलं. तीच सहा माणसं होती, त्याच जागांवर. एकाने घसा साफ केला. मास्तर विचारात पडले आणि म्हणाले, "हो. 'डावं' हा शब्द त्या दिवशी मी स्वतः ऐकलाय. इथंच."

आणि कानाच्या शेडमध्ये 'डावं' म्हणणार कोण, कान सोडून? बाकाला हिशेब पटला. एकेक मान हलली. कुणी मुद्दाम खोटं बोललं नाही. म्हणून तर त्यावर बोलता येईना.

"काय रे नळा? म्हणाले होते ना दाजी?"

नळाने बहिणीकडे बघितलं नाही. खपच्यांवरची गाठ बघत म्हणाला, "हो. म्हणाले होते."

"बाईमाणसाने ऐकावं," आळीतली एक म्हातारी म्हणाली. "कान दिलेत देवाने."

मिस्त्रीण खाली बसली. तिने डावं चाक उघडलं. मिस्त्री उठला नाही, तिने बोलावलंही नाही. हबची टोपी निळी पडली होती. नट पाइप लावून, अंगाचं सगळं वजन टाकून फिरवावा लागला. तिसऱ्या झटक्याला तो सुटला आणि ती पाठीवर पडली. कुणी हसलं नाही, कुणी उचललं नाही. आतलं बेअरिंग बाहेर आलं ते भाजलेल्या शेंगदाण्यांसारखं: रोलर चपटे, पिंजरा फाटलेला, ग्रीसचा कोळसा. वाटी हबला चिकटली होती. ती ठोकून काढायला तिला दुपार कलेपर्यंत वेळ लागला. बेअरिंग ज्यावर बसतं त्या दांड्याला बारीक पॉलिश पेपर गुंडाळून निळा डाग निघेपर्यंत घासलं. तळहाताची साल निघाली, त्यात रॉकेल गेलं.

तालुक्याहून नवं बेअरिंग यायला दोन दिवस होते आणि चाळीस घागरी समोर उभ्या होत्या. ती उठली, खिडकीतून जुनी जोडी घेऊन आली. चार दिवसांपूर्वी उजव्या चाकातून काढलेली. गाडीतलं सगळ्यात चांगलं बेअरिंग, आजारी ठरवून काढलेलं. डावीकडे ते असं बसलं जसं तिथंच जन्मलं होतं. तिने चाक फिरवलं, स्प्रिंगवर पंजा ठेवला. काही नाही. नुसतं गार लोखंड.

दुसऱ्याच कुणीतरी गाडी माळावर फिरवून आणली. आवाज बंद होता.

"ऐकलंत?" मिस्त्री बाकाला म्हणाला. "डावंच होतं."

संध्याकाळी नळाला ती भाकरीचे घास करून देत होती. "खोटं का बोललास?"

"तुझं घर चाललं पाहिजे ना ताई."

"आणि तुझा हात?"

"हात काय, बसेल." मनगट बसलं, पण वाकडं बसलं. गाडी त्याने विकून टाकली. लोक त्याला नळच म्हणत राहिले, पाणी नसलेल्या नळालाही नळच म्हणतात तसे.

त्यानंतरच्या आठवड्यात पहिली गाडी आली. मिस्त्री फेरी मारून आला, डब्यावर बसला, डोळे मिटले. या वेळी फार वेळ झाला. बोट वर होईना. मिस्त्रीण तोवर फडकं घेऊन चाकं पुसत होती. एकेका बाजूला जॅक लावला, चाक फिरवलं, पुसता पुसता स्प्रिंगला पंजा टेकला. मग पाण्याचा तांब्या आणायला त्याच्या मागून गेली आणि जाता जाता त्याच्या डाव्या खांद्याला बोट लावलं.

"पुढचं डावं," मिस्त्री म्हणाला.

त्यावर ते दोघं कधीच बोलले नाहीत. ना त्या दिवशी, ना नंतर. पण गावात डावी चाकंही आपणहून बिघडू लागली आणि मास्तरांनी दुसरा अर्ज केला, की डावीकडे टाकलेली भर जास्त झाली असून ती काढावी. सत्तर सह्या झाल्या. कानाचं नाव पार तालुक्यापर्यंत गेलं. तिचंही झालं: 'ऐकत नाही ती'. गिऱ्हाइकं तिच्याशी जरा मोठ्याने बोलू लागली.

माळा तेवढा तिने चालू ठेवला. जेवताना ती त्याच्या डाव्या हाताला बसते आणि सांगते. भावाच्या मनगटाचं सांगते, बाकावरच्या सहा माणसांचं, पदराला पुसलेल्या ग्रीसचं. आवाज चढवत नाही. तो जेवतो. मध्येच म्हणतो, "काही म्हणालीस?"

"मीठ हवं का विचारलं."

परवा एक पांढरी गाडी आली होती, लांबून, खास कानासाठी. बाक भरलेला. मिस्त्री डब्यावर, डोळे मिटलेले. मिस्त्रिणीने पुसून घेतलं. उजवं होतं, पंजाला स्वच्छ कळलं. ती त्याच्या मागे आली आणि थांबली. बोट लावलं नाही. तांब्याही आणायला गेली नाही. त्याच्या मानेवर घाम आला. पापण्या थरथरल्या. खांदे किंचित मागे आले, दोन्ही, कुठला का होईना लागावा म्हणून. त्याच्या डाव्या कानाशी वाकून ती रोजच्या आवाजात म्हणाली, "आता सांगा."

बाकावरची माणसं पुढे सरकली. पांढऱ्या गाडीच्या मालकाने टोपी काढून हातात घेतली.

"बघताय ना," मास्तर त्याच्या कानात पुटपुटले, "किती बारीक ऐकतोय."